म्हातारीच्या चढावर कोण उतरलं

माणिकबाईच्या माहेर-सासरात भांडण एकच झालं, पण झालं ते बत्तीस वर्षं टिकलं. ते शेताच्या धुऱ्यावरून नव्हतं, मानपानावरून नव्हतं, आंदणावरूनही नव्हतं. ते एका चढावरून होतं.

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालं, की धामणगाव गढी मागे पडल्यावर घाट लागतो. त्या घाटात एका वळणावर रस्ता एकाएकी असा उभा राहतो, की तरण्याताठ्या माणसालाही आपल्या गुडघ्यांचं वय कळतं. जुने भाजीवाले त्याला म्हातारीचा चढ म्हणत. माणिकबाईचे यजमान देवीदास यांनी तरुणपणी अकरा वर्षं त्या चढावरून सायकल नेली. नेली म्हणजे ढकलत नेली. मागे कॅरिअरवर वांग्याचं पोतं, हँडलला दोन्हीकडे सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. वर हॉटेलांना भाजी द्यायची आणि येताना ब्रेकचा भरवसा नको म्हणून सायकलीमागे पळसाची फांदी बांधून ती फरफटवत उतरायचं. फांदीचा खरखराट ऐकला की घाटातली गुरं आपणहून बाजूला होत.

अकरा वर्षांच्या या तपश्चर्येतून देवीदासांनी एक सिद्धान्त काढला होता आणि तो ते चहाच्या टपरीपासून मयतीच्या बैठकीपर्यंत कुठेही सांगत. "म्हातारीच्या चढावर जो सायकलीवरून उतरत नाई, तो एक त टरकात बसला हाय, नाईतर लबाड बोलून राहिला."

आणि नेमकी त्यांच्या धाकट्या मेव्हण्याला, देवानंदला, तिथेच पाय घसरायची बुद्धी झाली. अचलपूरला त्याच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. पंगत बसली होती, बुंदी वाढून झाली होती. देवानंद तेव्हा चोवीस वर्षांचा, कानावर केस ठेवणारा. तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "भाऊजी, परवा मी म्हातारीचा चढ चढलो. पाय नाई टेकवला. सरळ नाई गेलो, नागमोडी घेतली सायकल. या कडीहून त्या कडीले."

देवीदासांचा घास हातातच राहिला. "लबाड हायस तू," ते म्हणाले. हळू म्हणाले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण देवीदासांना हळू बोलता येत नसे. वाढपी थांबले, वाजंत्रीवाले थांबले. देवानंद भरल्या ताटावरून उठला आणि चालता झाला. पुढच्याच महिन्यात त्याला अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं, तो तिकडेच राहिला, तिकडेच त्याचं लग्न झालं आणि तिकडेच त्याचे कानावरचे केस गेले.

तेव्हापासून दोघांचं बोलणं माणिकबाईच्या तोंडून चाले. "तुह्या भावाले सांग, भुईमुंगाचं बेणं चांगलं आलं." "बाई, भाऊजीले विचार, तब्येत कशी हाय." राखीला ती एकटी एसटीनं अकोल्याला जाई, भाऊबीजेला देवानंद बाजारात तिच्या भाजीच्या दुकानावर येऊन ओवाळून घेई, पण घरची पायरी चढत नसे. मुलाच्या, मनोजच्या लग्नात तर कहर झाला. अंतरपाट धरायला एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला मामा उभे राहिले, आणि अंतरपाट नक्की कोणाकोणाच्या मध्ये धरलाय हे भटजींनाही कळेना. नवरा-नवरीमधला पाट सरला. या दोघांमधला काही सरला नाही.

माणिकबाई परतवाड्याच्या बाजारात भाजी विके. शिळी मेथी ताजी म्हणून ती कधी विकत नसे आणि भावाबद्दल वाईट शब्द कधी ऐकून घेत नसे. "माहा भाऊ लहानपणी मार खाये, पण खोटं नाई बोले," असं तिनं बत्तीस वर्षांत किती गिऱ्हाइकांना वांग्यांबरोबर तोलून दिलं असेल, त्याला गणती नाही.

तर यंदाच्या जानेवारीत बाजारात भोंगा लावलेली जीप फिरली. रविवारी सायकलींची मोठी शर्यत, अमरावतीहून निघून परतवाड्यावरून थेट चिखलदऱ्यापर्यंत. देशातले आणि बाहेरदेशचे, सायकल चालवणं हाच ज्यांचा धंदा, असे शे-सव्वाशे गडी येणार. सकाळी नऊपासून घाट बंद.

"सायकल चालवाचा पगार?" देवीदास ओट्यावर म्हणाले. "मले अकरा वर्षं कोनं देल्ला नाई! येऊ द्या. म्हातारीच्या चढावर सगळे उतरतीन. हातात सायकल धरून चालतीन, पाहाजा."

"मंग चला," माणिकबाई आतून म्हणाली. "डोयानं पाहू."

देवीदास गडबडले. गुडघे दुखतात, गर्दी असेल, टीव्हीवर दाखवतील, अशी तीन कारणं त्यांनी एका दमात सांगितली. माणिकबाईला वाटलं, हरायची भीती. तिनं रविवारी दुकान बंद ठेवलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधला आणि सातच्या काळीपिवळी जीपमध्ये नवऱ्याला अक्षरशः कोंबलं.

म्हातारीच्या चढावर कठड्यावर चांगली जागा मिळाली. समोर सगळा चढ दिसत होता, वरच्या टोकाला एक वाकडा साग. आसपासच्या गावांतली माणसं लेकराबाळांसकट येऊन बसली होती. एक पोलीस शिट्टी वाजवून सगळ्यांना मागे सारत होता आणि तो पुढे गेला की सगळे पुन्हा पुढे येत होते.

अकराच्या सुमारास खालून आवाज आला, वाळलेल्या तुरीच्या शेंगा वाऱ्यात वाजाव्यात तसा. आधी मोटारसायकली गेल्या, मग वळणावरून ते आले. रंगीबेरंगी, घामानं चकाकणारे आणि इतके काटकुळे, की यांना घरी कोणी पोटभर वाढतं की नाही, असा माणिकबाईला प्रश्न पडला. चढ लागताच काही सीटवरून उठले, सायकली डावी-उजवीकडे हलल्या, पण चाकं काही थांबली नाहीत. पहिले दहा गेले. मग तीस-चाळिसांचा घोळका गेला. एक गडी तर चालत्या सायकलीवर केळ सोलून खात चढला.

"उतरले किती?" माणिकबाईनं विचारलं.

देवीदास वरच्या सागाकडे बघू लागले.

"म्या मोजले. एकही नाई."

"त्याइच्या सायकलीले गेअर हायत," देवीदास म्हणाले. "आन मांगं पोतं कुठी हाय?"

"माह्या भावाच्याही मांगं पोतं नोतं!"

"गेअर त नोते ना!"

तिनं रागारागानं भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकर त्यांच्या हातात दिली आणि दोघं तोंडं फिरवून जेवू लागले. घोळक्यामागून घोळके वर गेले. मग रस्ता रिकामा झाला. लोक उठायला लागले, एवढ्यात खालच्या वळणावरून आणखी एक आला. एकटाच.

तो कुठेतरी पडला असावा. गुडघा फुटला होता, बाहीची चिंधी झाली होती. सायकलीचाही काही बिघाड झाला होता, कारण तो पुन्हा पुन्हा हँडलजवळची खटकी दाबत होता आणि साखळी नुसती करकरत होती. गेअर बदलतच नव्हता. त्याच्या मागे हळूहळू एक गाडी येत होती, दमून उतरलेल्यांना उचलून घेणारी. मुडद्यामागं घार यावी तशी. चढाच्या मध्यावर त्याची सायकल जवळजवळ उभीच राहिली. त्याचा डावा पाय खाली यायला निघाला.

आणि देवीदास कठड्यावरून उठले. गुडघेदुखीवाले देवीदास, हातात भाकर घेऊन, धोतराचा सोगा दुसऱ्या हातात धरून, भर रस्त्यातून त्याच्याकडे पळाले.

"उतरू नको! अबे उतरू नको बापू! नागमोडी घे! सरळ नको जाऊ, त्या कडीले ने! नागमोडी!"

तो गडी कुठला परप्रांतातला असेल. त्याला शब्द कळला नाही. देवीदासांनी भाकरीचा हात सापासारखा वळवळवून दाखवला. त्याला कळलं. त्यानं सायकल आडवी घातली, या कडेहून त्या कडेला, आणि चाकं पुन्हा फिरली.

"हां! आता इकडं वळव! खाली नको पाहू, वरचा साग पाहा! साग!"

"आजोबा, हात लावू नका!" पोलीस शिट्टी फुंकत ओरडला.

"कोन लावून राहिला हात!" देवीदास पळता पळता ओरडले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, भाकरीसकट. सगळा कठडा उभा राहिला. "नागमोडी! नागमोडी!" पोरंसोरंही ओरडायला लागली. एक वळसा, दुसरा, पाचवा. सागापाशी पोचल्यावर त्या गड्यानं मागे न बघता फक्त एक हात वर केला आणि वळणाआड गेला. पाय टेकला नाही.

देवीदास रस्त्यातच फतकल मारून बसले. धापा टाकत होते आणि हसत होते. माणिकबाई पाण्याची बाटली घेऊन गेली, त्यांना उठवून कठड्याशी आणलं. तीही हसत होती. मग एकाएकी तिचं हसू थांबलं.

"अवो," ती म्हणाली, "नागमोडीचं त देवानंदनं सांगतलं होतं. पण साग पाहाचं? ते त तो बोल्ला नोता. तुमाले कसं मालूम?"

देवीदासांनी पाण्याचा घोट घेतला. मग आणखी एक घेतला. बाटली रिकामी होईपर्यंत ते पीत राहिले, आणि मग पळायला जागा उरली नाही.

"त्या लग्नाच्या चौथ्या दिवशी," ते म्हणाले. "पोतं खाली उतरवलं. सायकल रिकामी केली. दोन खेपेले नाई जमलं. तिसऱ्या खेपेले साग पाहत पाहत गेलो, आन चढलो."

"म्हंजे?"

"म्हंजे चढता येते. देवानंद खरं बोल्ला होता."

"बत्तीस वर्षांपासून तुमाले मालूम हाय? मंग सांगतलं कावून नाई?"

"भरल्या पंगतीत लबाड म्हटलं होतं त्याले. ते पंगत पुन्हा कुठून आनू?"

माणिकबाईनं चिडावं तर म्हातारा इतका केविलवाणा दिसत होता. रस्ता मोकळा झाल्यावर ते काळीपिवळीत बसले. परतवाडा येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. उतरल्यावर दोनच बोलली. "उद्या अकोला."

दुसऱ्या दिवशी संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन देवीदास एसटीत बसले. ओठ हलत होते. पाठ करणं चाललं होतं. अंजनगावला चहा प्यायला म्हणून उतरले ते गाडी हलली तरी येईनात. माणिकबाईनं खिडकीतून अशी हाक मारली की त्यांच्यासोबत आणखी दोन प्रवासी धावत आले.

अकोल्याला दार देवानंदच्या बायकोनं, कौशल्यानं उघडलं. दारात देवीदासांना पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. "कोन गेलं?" तिनं विचारलं. बत्तीस वर्षांत ते आले नव्हते. दुसरं कारण तिला सुचेना.

"कोनी नाई गेलं. माफी मांगाले आले," माणिकबाई म्हणाली आणि नवऱ्याला आत ढकललं.

देवानंद खुर्चीतून उठला. देवीदास बसले नाहीत. पाठ केलेलं सगळं विसरून त्यांनी एकदम सांगून टाकलं. चौथा दिवस, तीन खेपा, साग, सगळं. "तू खरा होता. मी चुकलो. आन मले ते मालूम होतं."

देवानंदनं एक संत्रं उचललं, सोलायला लागला. सोलून झालं तरी खाईना. बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, सालींकडे पाहिलं.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमी खरंच चढले? पाय न टेकवता?"

"तुही शपथ."

"मी त नाई चढलो."

देवीदास आता खुर्चीत बसले.

"अर्ध्याच्या थोडं वर गेल्तो," देवानंद म्हणाला. "युक्ती सुचली, पन दम नाई पुरला. उतरलो. म्हटलं, पंगतीत कोन पाहाले येते."

"आन मंग ताटावरून उठून कावून गेला?" देवीदास ओरडले.

"बसून राहलो असतो त लबाडच ठरलो असतो ना!"

कौशल्यानं पदर तोंडाशी धरला. माणिकबाई मात्र दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. ज्या भावासाठी ती बाजारात गिऱ्हाइकांशी भांडली तो लबाड निघाला होता, आणि ज्या नवऱ्याला तिनं हेकट म्हटलं तो बरोबर असून चोरासारखा राहिला होता. बत्तीस राख्या, बत्तीस एसट्या. तिला रडू येणार होतं, तिनं त्यासाठी डोळेही मिटले. पण मध्येच कुठेतरी ते वाट चुकलं आणि ती जी हसत सुटली ती खाली बसेपर्यंत हसत राहिली.

"एक खोटं बोल्ला आन रुसला," डोळे पुसत ती म्हणाली, "एकाले खरं समजलं आन तो लपला. आन मधात निरोप पोचवाले मी! कौशल्या, बस माह्याजवळ. आज सैपाक हे दोघं करतीन. रोडगे पाह्यजेत मले, आन वांग्याची भाजी."

अंगणात गोवऱ्या पेटल्या. दोघं म्हातारे कणीक मळून रोडग्याचे गोळे करायला बसले. एकाचे मोठे, एकाचे लहान. आधी कोणी बोलेना. मग देवीदासांनी धुरातून डोळे चोळत विचारलं, "देवानंद, आता त सगळ्याइले सांगशीन ना, का म्हातारीचा चढ मी चढलो?"

देवानंदनं निखारा सारखा केला. "सांगतो ना. पन भाऊजी, तुमाले चढताना कोनं पाह्यलं?"

"कोनं म्हंजे?"

"नाई, लोक इचारतीन. साक्षीदार कोन हाय?"

"म्हंजे मी लबाड?"

"मी कुठी म्हटलं? लोक म्हनतीन."

"अवो, रोडगे करपून राहिले!" आतून माणिकबाई ओरडली. दोघंही एकदम चिमट्याकडे झेपावले, आणि चिमटा एकच होता.