टेंबे डॉक्टर सांगत नाहीत

मी गजानन. इंदुरात कृष्णपुऱ्यात डॉक्टर लक्ष्मीकांत टेंब्यांचा दवाखाना होता, तिथे मी सव्वीस वर्षं कंपाउंडर. लोक म्हणतात, गजाननराव, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढलीत, दोन शब्द बोला. बोलतो ना! पण आधीच सांगून ठेवतो, गोड गोड बोलणार नाही. या माणसावर मी तीन वर्षं असा चिडून होतो की रोज सकाळी बाटल्यांवर खुराकाच्या कागदी पट्ट्या चिकटवताना मनातल्या मनात राजीनामा लिहायचो.

माणूस मात्र लाखात एक. आजोबा होळकरांच्या फौजेत, वडील त्यांच्याच खासगी खात्यात कारकून, आणि हे डॉक्टर. मध्यभारत राज्याचे दिवस ते. सुईचं नवं खूळ निघालं होतं. साधी सर्दी झाली तरी माणूस बाही वर करून हजर, "डॉक्टरसाब, पेनिसिलिन ठोक दो!" साहेब शांतपणे म्हणायचे, "सर्दीला सुई नाही. काढा घे, झोप काढ." मग तो रागारागाने दुसऱ्या दवाखान्यात जायचा आणि दंड चोळत सगळ्या बाजाराला सांगायचा, टेंब्याला नवीन काही येत नाही. साहेबांना त्याचं काही नव्हतं.

आपल्या मराठी मंडळींत एक रीत होती, ती ठाऊक असेलच. मुलगी बघायला जायच्या आधी मुलाकडचा कुणी वडीलधारा मुलीच्या घरच्या डॉक्टरकडे यायचा. सरळ नाही हं. दुपारी दवाखाना बंद व्हायच्या वेळेला यायचा, नाडी दाखवायला हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "ते रामबागेतले अमुक... त्यांची थोरली कशी आहे हो? म्हणजे तब्येतीनं?" साहेब हसायचे आणि म्हणायचे, "खुशाल अक्षता टाका." झालं! टेंब्यांनी अक्षता टाका म्हटलं की पत्रिका जुळल्यासारखीच. वीस वर्षं हे चाललं होतं. पोरींच्या आया साहेबांकडे लाडू पाठवायच्या.

आता माझी गोष्ट. माझी एकुलती एक मुलगी सरोजिनी. अठराव्या वर्षी तिला बारीक ताप धरला, खोकला धरला, आणि एक दिवस रुमालात रक्त. साहेबांनी एक्सरे पाहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी काय समजायचं ते समजलो. सात महिने तिला राऊला क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये ठेवली. लोकांना सांगितलं, मानपुरला मावशीकडे गेलीय, मावशीला बरं नसतं. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच यायला लागलं होतं. साहेबांनी मुंबईला तारा करकरून मागवलं, रविवारी स्वतः राऊला जाऊन तिला बघून यायचे. पोरगी बरी झाली. गालावर रंग आला, थुंकी साफ, एक्सरे साफ. त्या दिवशी मी साहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं, तर म्हणाले, "उठ रे, मिक्श्चर कोण बनवणार?"

वर्षभराने स्थळ आलं. मध्यस्थ कृष्णराव, पेन्शनर हेडक्लार्क, अर्ध्या इंदूरची लग्नं यांनीच जमवलेली. दुपारी आले, हात पुढे केला आणि माझ्यादेखत विचारलं, "डॉक्टर, गजाननरावांच्या पोरीला छातीचं वगैरे काही होतं का?"

मी खल धरून उभा होतो. मनात म्हटलं, म्हणा साहेब, म्हणून टाका.

साहेब म्हणाले, "कृष्णराव, ते मी सांगणार नाही."

बस! एवढंच. कृष्णरावांनी हात मागे घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि गेले. चार दिवसांत स्थळ गेलं आणि आठ दिवसांत आमच्या सगळ्या रामबागेत बोभाटा झाला. हळदीकुंकवाला सरोजिनीला सरबत वेगळ्या कपात दिलं, कान तुटलेल्या. घरी येऊन तिने ते आईला सांगितलं आणि नंतर कुठल्याच बोलावण्याला गेली नाही.

मी साहेबांना वाटेल ते बोललो. "आज ती ठणठणीत आहे, एवढं म्हणता आलं नसतं? जीभ झडली असती?"

"त्यांनी आजचं विचारलं नव्हतं, गजानन. होतं का, असं विचारलं. होतं म्हणालो असतो तर तिची गोष्ट मी फोडली असती. नव्हतं म्हणणं खोटं."

"मग गप्प बसून काय केलंत? फोडलीतच ना!"

साहेबांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हो. चूक माझीच आहे. पण ती आजची नाही, वीस वर्षांपूर्वीची आहे. निरोगी पोरींबद्दल मी खुशाल सांगत आलो, म्हणून ज्या दिवशी गप्प बसलो त्या दिवशी लोकांना उत्तर मिळालं. मी पहिल्यापासून कुणाबद्दलच बोलायला नको होतं."

मला काय करायचंय त्या शहाणपणाशी? माझी पोरगी घरात बसली होती.

त्या दिवसापासून साहेबांनी सगळ्यांच्याच बाबतीत तोंड बंद केलं. कुणीही येवो, कुणाहीबद्दल विचारो, "पेशंटबद्दल मी सांगत नाही." ठणठणीत पोरींचे बाप भांडायला आले. "अहो, माझ्या मुलीला काय धाड भरलीय? तुमच्यामुळे लोक शंका घेतात!" कित्येक घरं कायमची तुटली. बाकावर गर्दी मावायची नाही तिथे मी दुपारी एकटा माशा मारत बसायचो. आणि खरं सांगतो, मला आतून बरं वाटायचं. भोगा म्हणावं.

मग कृष्णराव पुन्हा आले. या वेळी प्रेमलतासाठी, म्हणजे साहेबांच्याच मुलीसाठी. उज्जैनचं स्थळ, मुलगा वकील, घर उत्तम. नाडी दाखवायचं सोंगसुद्धा केलं नाही. "डॉक्टर, मुलाची आई जुन्या वळणाची आहे. तिला तुमचा एक शब्द हवा, बाकी सगळं पक्कं."

"प्रेमलता माझी पेशंटही आहे," साहेब म्हणाले. "पेशंटबद्दल मी सांगत नाही."

"अहो, पोटची पोर आहे तुमची!"

"म्हणूनच."

कृष्णराव लाल होऊन बाहेर आले ते थेट माझ्या काउंटरपाशी. "गजाननराव, या माणसाचं डोकं फिरलंय. तुम्ही सांगा. तुम्ही तिला लहानपणापासून बघताय. पोरगी धडधाकट आहे ना?"

धडधाकट? त्या पोरीला गोवर सोडून कधी काही झालं नव्हतं! माझ्या हातून तिने चिरायत्याच्या काढ्याचासुद्धा घोट घेतला नव्हता. हो म्हणायला मला काय लागत होतं? पण डोळ्यांसमोर तो कान तुटलेला कप आला. मी प्रेमलताबद्दल हो म्हटलं की सरोजिनीबद्दलची चुप्पी पुन्हा तिच्या कपाळी चिकटणार.

"आमच्याकडे सांगत नाहीत, कृष्णराव," मी म्हणालो.

साहेबांचं तत्त्व पटलं म्हणून बोललो, की माझ्या पोरीसाठी, की सूड म्हणून, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तिन्ही असेल. उज्जैनचं स्थळ गेलं. संध्याकाळी प्रेमलता डबा घेऊन आली आणि काउंटरपाशी थांबली. "काका, तुम्हालाही विचारलं ना? काय म्हणालात?"

"काही नाही म्हणालो, बाळ."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि डबा ठेवून भराभर निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे दोन वर्षांत गावात सवयच झाली. लोक म्हणायचे, तो टेंब्या? अरे भिया, तो स्वतःच्या पोरीबद्दल बोलला नाही, तुझ्याबद्दल काय बोलणार! सरोजिनीसाठी सेक्रेटरिएटमधला कारकून सांगून आला, राजधानी सहा महिने ग्वाल्हेर, सहा महिने इंदूर, तशी त्याची नोकरी, तेव्हा मुलाच्या घरच्यांनी दवाखान्याची पायरीसुद्धा चढली नाही. मी देव पाण्यातून काढले. सुटलो!

तर साहेबांनीच सरोजिनीला बोलावलं. "पोरी, तुझा आजार तुझा आहे. माझ्या तोंडून कधी जाणार नाही. पण त्या मुलाला तू सांगावंस असं मला वाटतं. नाही सांगितलंस तरी माझी हरकत नाही."

"साहेब, आता पुरे करा हो!" मी ओरडलो. पण पोरीने माझ्याकडे बघितलंही नाही. प्रेमलताला सोबत घेऊन ती लायब्ररीत त्या मुलाला भेटली आणि सगळं सांगितलं. राऊ, सुया, रक्त, सगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघंही दवाखान्यात. मुलगा बारीक, चष्मेवाला, घामाघूम झालेला. साहेबांना म्हणाला, "यांनी सांगितलं मला. पण मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला विचारायचं होतं."

"पेशंटबद्दल मी..." साहेबांनी सुरुवात केली.

"सांगा, डॉक्टरकाका," सरोजिनी मध्येच म्हणाली. "मी सांगतेय ना, सांगा."

साहेबांनी कपाट उघडलं. तिचे चारही एक्सरे काढले, खिडकीच्या उजेडात धरले आणि अर्धा तास त्या मुलाला एकेक समजावून सांगितलं, कुठे डाग होता, कुठे भरला, पुढे काय काळजी घ्यायची. शेवटी चष्मा काढला.

"खुशाल अक्षता टाका."

तीन वर्षांनी तो शब्द त्या खोलीत उच्चारला गेला. मी काउंटरमागे स्टुलावर बसून ढसाढसा रडलो, लाज कशाची! सरोजिनी बाकावर टेकली. प्रेमलताने माठातून पेलाभर पाणी आणून तिला दिलं. सरोजिनीने अर्धं पिऊन पेला खाली ठेवला. प्रेमलताने तो उचलला, तोंडाला लावला आणि उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.