नत्थूमामांचा पाण्याचा आकडा

डोंग्यात पाय ठेवला की खाली बसायचं असतं. मी उभा राहिलो आणि काठावरच्या ओळखीच्या माणसाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. पुढच्या क्षणी मी आणि माझ्या पिशवीतली संत्री वर्धा नदीत. डोंगेवाल्या नत्थूमामांनी आधी संत्री गोळा केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कमरेइतकं पानी आहे भाऊ. उभे राहा."

वरूडकडच्या त्या घाटावर मामांनी आयुष्यभर डोंगा चालवला. घाटाच्या जरा खाली नदी खडकांतून पांढरी होऊन धावायची. एकदा शहरातली पोरं रंगीत होड्या घेऊन तिथं खेळायला आली. खळाळत्या पाण्याला एक ते सहा आकडे देतात, असं त्यांनी मामांना सांगितलं. एक म्हणजे नुसत्या लहरी, सहा म्हणजे जिवाशी गाठ. मामांना ते फार पटलं. रोज सकाळी पाणी बघून ते आकडा सांगू लागले. दुरुस्ती एकच केली. "त्याईच्या पुस्तकात डोंग्यात कोन बसला हे लिहेल नाई," ते म्हणायचे. त्यामुळे त्याच पाण्याला शाळेच्या बाईंसाठी दोन आणि सरपंचांसाठी तीन आकडा पडे. सरपंच बोलताना हातवारे करायचे.

ती वर्षं शेतीच्या पडझडीची. संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या, आणि शेतकरी मुलाला पोरगी द्यायला कोणी तयार नव्हतं. मला इतके नकार आले होते, की पोह्यांच्या चवीवरून आई निकाल ओळखायची. शेवटी नदीपलीकडच्या एका घरून निरोप आला: गुरुवारी या, शुक्रवारी बार्शीटाकळीचे एक मास्तर पोरगी बघायला येणार आहेत.

गुरुवारी नदी फुगली. रस्त्यावरचा पूल पाण्याखाली. मी इस्त्रीच्या शर्टात घाटावर हजर.

"मामा, आज किती?"

"मी एकटा असलो तं तीन."

"अन् मी बसलो तर?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाच."

"मामा, लग्नाचा प्रश्न आहे!"

"म्हनूनच सांगून राहिलो. नवरदेव वाहून गेला तं लगन कोनाचं लावता?"

मी हट्टानं डोंग्यात जाऊन बसलो. मामा शांतपणे उतरले आणि काठावर बसले. "आता सहा."

मी उतरलो. तेव्हा ते म्हणाले, "थांबा, मी सांगून येतो," आणि एकटेच निघाले. मधोमध धारेनं डोंगा खडकांकडे ओढला, आडवा केला. मामांचा डोंगा रेटायचा बांबू तेवढा दिसत होता. मग तोही दिसेना. माझ्या सोयरिकीपायी म्हातारा गेला, असं मनात येतंय तोच डोंगा पलीकडे लागला.

ते परतले तेव्हा ऊन उतरलं होतं.

"काय म्हणाले?"

"चहा बरा होता."

"अन् पोरगी?"

"हो म्हन्ते."

मागच्या पावसाळ्यात मामा गेले. त्यांना पोहोचवून घरी आल्यावर इतक्या वर्षांनी मी बायकोला विचारलं, "त्या दिवशी मामांनी तुझ्या बाबांना पटवलं तरी कसं?"

ती डोळे पुसत म्हणाली, "बाबाले कुठं? त्याईनं मले विचारलं. 'पोरी, एक मानूस पल्याड उभा आहे. पोहता येत नाई, पन सांगतलं तं ऐकते. तुले पसंत आहे का?' तवर मले कोनीच विचारलं नव्हतं."

मी उठून तिला पाणी आणून दिलं.

"तुमी तं अजूनई नाई विचारलं."