गंगाखेडला नुसतं बघायला

मी जर्मनीला निघाले तेव्हा पालमच्या एसटी स्टँडवर मायनं कंडक्टरपुढे हात जोडले. "भाऊ, पोरगी जर्मनीला चाललीय. नीट उतरवा."

कंडक्टर भला माणूस. म्हणाला, "माय, आमची गाडी परभणीपस्तोरच हाय. पुढचं पुढच्याला सांगा."

आप्पा शाळेत भूगोल शिकवायचे. ते खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "समशीतोष्ण कटिबंध हाय. शाल वरच्या पिशवीत ठेव."

याला अकरा वर्षं झाली. कोलोनच्या एका वृद्धाश्रमात मी नर्स आहे. दुसऱ्यांच्या आईबापांना वेळेवर गोळ्या देते आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या बापावर फोनवरून ओरडते, "बीपीची गोळी घेतली का?" ते "हो" म्हणतात. खरंखोटं देव जाणे. माझ्या भाषेचंही कडबोळं झालंय. कामावर जर्मन, ट्राममध्ये स्वतःशी मराठी, आणि राग आला की थेट पालम.

दोन वर्षांपूर्वी माय गेली. मी पोचेपर्यंत दहावाही उरकला होता. तिच्या अस्थी गंगाखेडला गंगेत सोडल्या. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. ते मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, चुलतभावानं फोन धरला होता आणि ऐन वेळेला नेटवर्क अडकलं. पडद्यावर शेवटी जे चित्र थिजलं, त्यात कुणाचं तरी कोपर होतं आणि एक काळी छत्री.

यंदा जानेवारीत घरी आले ती आप्पांना सोबत न्यायचंच असं ठरवून. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एकदम कसं सांगायचं? म्हणून आधी म्हटलं, "आप्पा, गंगाखेडचं जुनं गाव बघू या. घाट, देवळं, गल्ल्या. मी कधी नीट पाहिलंच नाही."

"बघायला?" आप्पांनी पेपर खाली ठेवला. "गंगाखेडला बघायला कोण जातंय? तिथं पोचवायला जातेत."

तरी आले. मी उन्हाची टोपी, पाण्याची बाटली, हातात मोबाईल. आप्पा पांढरंशुभ्र धोतर, सदरा, खांद्यावर उपरणं. आमचं चुकलं ते इथंच.

स्टँडवरून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत एका माळवदाच्या घराचं नक्षीदार दार दिसलं. मी फोटो काढू लागले तशी आतून एक बाई आल्या. आप्पांच्या उपरण्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "घाट खाली हाय, बाई. सरळ जावा."

"नाही हो, मी दार बघायले."

"दार?" बाईंनी मागं वळून दाराकडं पाहिलं, बहुतेक बऱ्याच वर्षांनी. "वाळवी लागलीय त्याला. नेताव का?"

पुढं पूजेच्या सामानाच्या दुकानदारानं आम्हाला पाहताच काळे तीळ पुड्यात बांधायला घेतले. "बाप्या का बाई?"

"कुणीच नाही. आम्ही गाव बघायला आलोत."

त्यानं पुडा सोडला, पण आमच्याकडे असं पाहिलं, जणू दिवसाढवळ्या आम्ही काहीतरी लपवतोय.

घाटावर तर एका गुरुजींनी आप्पांच्या दंडालाच धरलं. मी पुन्हा सांगितलं, "गुरुजी, आम्ही नुसतं बघायला आलोय."

"बसा, बसा. दुःखात माणूस असंच बोलतंय," ते मायेनं म्हणाले. पाट मांडला, पळीत पाणी घेतलं. "मयताचं नाव?"

आप्पा सकाळपासून हेच ऐकून ऐकून थकले होते. मुकाट्यानं पाटावर बसले आणि म्हणाले, "नारायण मास्तर. पालम."

"तुमचे कोण?"

"मीच."

पळी हवेतच राहिली. गुरुजींनी आप्पांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मास्तर, मंग तुमी लय लवकर आलाव की."

आप्पा हसले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. गुरुजीही पोट धरून हसायला लागले. माय गेल्यापासून मी आप्पांचं हसणं ऐकलं नव्हतं. फोनवर मी गोळीचं विचारायचे. हसलात का, हे कधी विचारलंच नव्हतं.

हसू ओसरल्यावर आप्पा उठले. माझा हात धरून, एकाही देवळाकडं न बघता, सरळ पाण्याजवळच्या एका पायरीवर घेऊन गेले.

"हिथून सोडलं तिला. तू बघायला आलीस ते हेच ना?"

मी कुणाला बोलले नव्हते. स्वतःलासुद्धा नाही. आप्पांनी मला सगळं दाखवलं, वर्गात नकाशा दाखवायचे तसं. चुलतभाऊ फोन धरून कुठं उभा होता, कलश कुणी धरला, फुलं कुणीकडं वाहत गेली. "कोपर माझं. छत्री तवाच्या गुरुजीची. ऊन लय होतं त्या दिवशी." मग म्हणाले, "हात घाल पाण्यात." मी घातला. बराच वेळ काढला नाही.

तिथंच बसून मी विषय काढला. "आप्पा, कोलोनला चला. तिथंही मोठी नदी आहे."

"ऱ्हाईन. उत्तरेकडं वाहते. तीस वर्षं शिकवली मी." मग विचारलं, "तिथं मेलो तर नदीत सोडू देतेत का?"

"असं कुणाला नाही सोडता येत. परवानग्या लागतात, कागदपत्रं..."

"मंग?"

"मी इथं आणीन तुम्हाला."

"शब्द?"

"शब्द."

"मंग येतो. तुझ्या मायचा पासपोर्ट कोराच राहिला. माझ्या पासपोर्टवर तरी शिक्का पडू दे."

आप्पा जूनमध्ये आले, तीन महिन्यांसाठी. रविवारी माझ्यासोबत वृद्धाश्रमात येतात आणि त्यांच्याच वयाच्या एका आजोबांशेजारी बसतात. ते जर्मनमध्ये गुडघ्यांबद्दल बोलतात, हे मराठीत गुडघ्यांबद्दल. दोघांचं छान जमतं.

जे गाव सोडून गेलात आणि जे मागं राहिलात, तुम्हाला सांगते, घर कुठं असं कुणी विचारलं की मी वर्षानुवर्षं चाचपडायचे. आता इतकंच कळतं की ज्याला परत न्यायचा शब्द दिलाय, तो माणूस जिथं बशीत चहा ओतून पितोय, तिथं माझं घर आहे.

परवा पालमहून शेजारच्या काकूंचा फोन आला. "मास्तर, घरी कवा येताव?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "येतो की. सध्या घाई न्हाई."