धाकटीच्या वर्गात

घरात दोघी बहिणींना नावानं कुणी हाक मारत नसे. एक मोठी, दुसरी धाकटी. दोघींत अंतर जेमतेम एका वर्षाचं. मोठी डॉक्टर होणार हे ती आठवीत असतानाच ठरून गेलं होतं. कुणी ठरवलं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. शाळेत ती कायम पहिली यायची आणि बाबा एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे, एवढं पुरलं. लिफ्टमध्ये भेटेल त्या डॉक्टरला बाबा सांगून मोकळे झाले होते, "आमची मोठी तुमच्याच लाइनमध्ये येतेय."

मोठी कॉलेजात गेली आणि पहिल्याच चाचणीत रसायनशास्त्रात तिला शंभरपैकी अठ्ठावीस पडले. तिला वाटलं, बेरीज चुकली असेल. तिनं तीनदा करून पाहिली. बेरीज बरोबर होती.

आपल्याला एखादी गोष्ट समजत नाही, हा प्रकारच तिला शाळेत कधी भेटला नव्हता. त्यामुळे तो भेटल्यावर काय करायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. वर्गात मार्क मोठ्यानं वाचून दाखवत, म्हणून तिनं त्या तासांना जाणंच सोडलं. वाचनालयात पुस्तक उघडून बसायची, पानं उलटायची, संध्याकाळी दमून घरी यायची. दमणं खरं होतं, अभ्यास तेवढा झालेला नसायचा. वर्षाच्या शेवटी रसायनशास्त्रात ती नापास झाली, जीवशास्त्रात काठावर सुटली. निकालासोबत कॉलेजचं पत्र आलं. राहिलेला विषय पुन्हा पहिल्या वर्षाच्या वर्गात बसून करायचा. दुसऱ्यांदा नापास झाल्यास विज्ञान शाखा सोडायची.

घरी तिनं सांगितलं, "वरच्या वर्षात गेले." तसं ते खोटं नव्हतं. बाकीच्या विषयांसाठी ती दुसऱ्या वर्षात गेलीच होती. गुणपत्रिका आणि पत्र तिनं शरीरशास्त्राच्या जाड पुस्तकात ठेवलं. घरात ते पुस्तक दुसरं कुणी उघडत नसे.

नवं वर्ष सुरू झालं. पहिल्याच दिवशी मोठी पहिल्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसली. दार उघडलं आणि दोन मैत्रिणींबरोबर हसत धाकटी आत आली. तिनं याच कॉलेजात प्रवेश घेतला होता हे मोठीला माहीतच होतं. पण वर्गाच्या चार तुकड्या होत्या, आणि त्यांतली हीच तिच्या वाट्याला येईल असं मोठीनं मनात येऊ दिलं नव्हतं. धाकटीचं हसू थांबलं. ती पुढच्या रांगेत जाऊन बसली. मॅडमनी हजेरी घेतली. पुन्हा बसलेल्यांची नावं वेगळ्या कागदावर होती, ती शेवटी वाचली गेली. मोठी "हजर" म्हणाली तेव्हा धाकटीनं मागे वळून पाहिलं नाही.

घरी जाताना दोघी बरोबर चालत होत्या. अर्धा रस्ता संपला तेव्हा धाकटीनं विचारलं, "बाबांना माहितेय?"

"नाही."

"आईला?"

मोठीनं नुसती मान हलवली.

"मी आपणहून सांगणार नाही," धाकटी म्हणाली. "पण मला कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. तेवढं मला जमायचं नाही."

त्या दिवसापासून मोठीला घरातलं जेवण नकोसं झालं. आई सहज विचारायची, आज कॉलेजात काय झालं, आणि मोठीचा घास तोंडातच फिरत राहायचा. धाकटी ताटातून डोकं वर काढत नसे. दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. आईला वाटलं, कपड्यांवरून बिनसलं असेल.

दीड महिन्यानं चाचणी झाली. धाकटीला एक्क्याऐंशी, मोठीला एकोणचाळीस. त्या रविवारी मोठी टेबलाशी रसायनशास्त्राची वही घेऊन बसली होती आणि धाकटी मागे उभी राहून बराच वेळ पाहत होती. शेवटी तिनं पुस्तक ओढून घेतलं.

"तू गणित सोडवतच नाहीस," ती म्हणाली. "उत्तर वाचतेस, मान डोलावतेस आणि पुढचं वाचायला घेतेस."

"मला शिकवू नकोस."

"मग कुणी शिकवायचं? मॅडमकडे तू जात नाहीस. तुला लाज वाटते. माझ्याकडून शिकायचीही लाज वाटते. मग राहिलं कोण?"

मोठी रागानं उठली, खोलीबाहेर गेली, नळावर तोंड धुतलं आणि बराच वेळ ओला चेहरा तसाच ठेवून उभी राहिली. धाकटीचं एकही वाक्य खोडता येत नव्हतं. ती परत येऊन बसली. धाकटीनं उत्तरावर हात ठेवला आणि म्हणाली, "कर." मोठीला पहिली ओळही लिहिता आली नाही. वर्षभर जे तिनं सगळ्यांपासून लपवलं होतं, ते आता टेबलावर कोऱ्या कागदासारखं पडलं होतं. त्या दुपारी तीन गणितं झाली. तीनच, पण तिनं स्वतः केलेली.

पुढच्या आठवड्यात ती मॅडमच्या खोलीपर्यंत गेली आणि परत फिरली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मॅडमच दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आत यायचं असेल तर ये, नाहीतर दारातून बाजूला हो. मॅडम गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पेपर पाहिला, तू गेल्या वर्षी यायला हवं होतंस एवढं सुनावलं आणि दर मंगळवारी यायला सांगितलं.

गाडी कुठे रुळावर येतेय असं वाटतं तोच बाबा एका संध्याकाळी खूश होऊन घरी आले. हॉस्पिटलातले मोठे सर्जन मोठीला सुट्टीत वॉर्डमध्ये काम शिकायला घ्यायला तयार झाले होते. तिची गुणपत्रिका तेवढी उद्या द्यायची होती. आईनं कौतुकानं मोठीकडे पाहिलं. धाकटी पाणी आणायला म्हणून उठली आणि आतच थांबली.

मोठीनं त्या रात्री जाड पुस्तकातून गुणपत्रिका काढून पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तास बुडवून ती हॉस्पिटलात गेली. बाबा गच्चीवरच्या मशीनरूममध्ये होते. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली होती, आत चार माणसं होती, आणि बाबांचा कामावरचा जोडीदार खालून माणसांना धीर देत होता. बाबांनी मेन स्विच बंद केला होता. तिला पाहताच ते म्हणाले, "बरी आलीस. त्या तारांवर पिवळी खूण आहे. ती या पट्टीशी आली की सांग. डोळा हलवू नकोस."

ते एका हातानं ब्रेक सोडत होते, दुसऱ्या हातानं चाक फिरवत होते. ग्रीस लागलेल्या तारा बोटबोटभर सरकत होत्या. खालून कुणीतरी बाई रडत असल्याचा आवाज येत होता. मोठी एकटक पाहत राहिली. "आली," ती म्हणाली. बाबांनी ब्रेक लावला. खालून दार उघडल्याची हाक आली.

बाबा हात पुसत हसले. हे हसू आता आपणच घालवणार, हे तिला कळत होतं.

"बाबा, मी रसायनशास्त्रात नापास झालेय. गेल्या वर्षीच. धाकटीच्या वर्गात बसते."

बाबांचा हात फडक्यावर थांबला. मार्क किती, का पडले, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. "किती महिने झाले?" एवढंच विचारलं.

"सात."

"सात महिने मी त्या डॉक्टरांना सांगतोय," ते म्हणाले. मग त्यांनी हत्यारं पिशवीत भरली आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

ते तिला तसेच, तेलकट कपड्यांनी, सर्जनच्या खोलीत घेऊन गेले. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, असं त्यांनी उभ्यानं सांगितलं. मोठी मध्ये बोलली, की चूक बाबांची नाही, तिनंच लपवलं. सर्जननी गुणपत्रिका वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, या निकालावर मी हिला घेऊ शकत नाही. आवाजात राग नव्हता. बाहेर पेशंट थांबले होते. जिन्यावर बाबा पुढे चालत होते. त्यांची पाठ पाहताना मोठीच्या मनाला अठ्ठावीस मार्कांपेक्षा कितीतरी जास्त लागलं.

आठवडाभर बाबा तिच्याशी कामापुरतं बोलले. आईनं मात्र एकदाच मनसोक्त झापलं आणि विषय संपवला.

शेवटच्या परीक्षेत तिसऱ्या प्रश्नाशी मोठी अडली. असलं गणित तिनं कधी पाहिलं नव्हतं. पूर्वी तिनं तिथेच पेन खाली ठेवलं असतं. आता तिनं जेवढं माहीत होतं तेवढं लिहून काढलं, आणि त्यातून पुढची ओळ सुचली. निकाल लागला तेव्हा अडुसष्ट होते. धाकटीला चौऱ्याऐंशी. पेढेबिढे कुणी वाटले नाहीत. बाबांनी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि म्हणाले, "हे खरंच आहे ना?" त्यांनी थट्टेत विचारलं होतं, पण तिचे डोळे भरून आले.

पुढच्या दोन वर्षांत मार्क चढत गेले, फार नाही, पण एकदाही उतरले नाहीत. मेडिकलला प्रवेश पदवीनंतरच, आधीच्या सगळ्या निकालांवर आणि मुलाखतीवर मिळायचा. कॉलेजांनी पहिल्या वर्षाचा निकाल पाहून तिला बोलावलंच नाही. पदवी घेऊन ती एका रक्ततपासणी केंद्रात लागली आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केले. या वेळी एका कॉलेजची मुलाखत आली. समोर तिघं होती. मधल्या वयस्कर बाईंनी कागद पुढे सरकवला आणि विचारलं, "हे पहिलं वर्ष काय आहे? आजारी होतीस?"

आजारी म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," मोठी म्हणाली. "मला समजत नव्हतं आणि मी ते कुणाला कळू दिलं नाही. वर्ष त्यात गेलं."

बाईंनी काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

प्रतीक्षायादीत ती नववी होती. कॉलेज सुरू व्हायला चार दिवस राहिले तरी फोन नव्हता. नंबर पाचवर आल्याचं कळलं, मग काहीच नाही. फोन आला तेव्हा तिच्या हातात एका आजोबांचा दंड होता आणि सुई शिरेत होती. फोन खिशात थरथरत राहिला. तिनं नळी भरली, सुई काढली, कापूस दाबून धरला, नळीवर नाव लिहिलं. मग बाहेर पॅसेजमध्ये येऊन त्या नंबरवर फोन लावला. जागा मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं.

घरच्यांआधी तिनं धाकटीला फोन केला. धाकटी पदवीनंतर पुढचं शिकत होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आता रडू नकोस. मी वर्गात बसलेय, मलाही रडू येईल."

मोठीनं फोन ठेवला आणि आत गेली. रांगेत अजून सहा जण होते.