गयाबाईंचे आकडे

भूत, चकवा, करणी... माझ्या सासरी या गप्पा लई रंगायच्या, आणि मी तिथून उठून भांडी घासायला जायची. आजही मानत नाही. तरी लिहितेय, कारण ही गोष्ट भुताची नाहीच — कंप्युटरची आहे.

नव्वदीची शेवटची वर्षं. परळीत स्टेशनजवळ आमचं किराणा दुकान. सून रेखा पोटदुखीनं जवळच्याच खासगी दवाखान्यात ॲडमिट होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पुण्याहून कंप्युटर आणला होता. जुन्या पेशंटांची माहिती देऊन त्याला शिकवलं होतं म्हणे — ताप, नाडी, बीपी टाकलं की पेशंट किती गंभीर ते तो सांगायचा. हिरवं म्हणजे बरं. लाल म्हणजे ताबडतोब मोठ्या दवाखान्यात.

रेखाच्या खाटेवर पाय दक्षिणेला यायचे. आमच्यात ते चालत नाही... भुताचं नाही हो, घरची रीत. समोरच्या खाटेवर गयाबाई होत्या, मेंढरं राखणाऱ्या घरच्या, तापातून उठलेल्या. खाट बदलता का म्हणून विचारलं तर हसल्या.

"आमी मेंढरामागं दाही दिशेला झोपतो, बाई. यमाला मी गावायची न्हाई."

सकाळी सकाळी दोघींची अदलाबदल केली. पण खाटेला टांगलेले केसपेपर तिथंच राहिले. मागून नवीन सिस्टर आली, तिनं गयाबाईंना तपासलं आणि आकडे लिहिले रेखाच्या कागदावर. गयाबाईंना घरी सोडायचं ठरलं होतं, म्हणून त्यांच्या कागदाची तपासणी त्या दिवशी नव्हतीच; रेखाला कुणी हातही लावला नाही. कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुपारी डॉक्टर आठ्या घालूनच आले.

"काकू, आकडे सगळे चांगले आहेत. पण कंप्युटर रेखाला लाल दाखवतोय."

माझा मुलगा म्हणाला, "पेटी म्हणती म्हणून उचलायचं काय, डॉक्टर? काल तुमीच गॅस हाय म्हणलता."

डॉक्टरांनी पुन्हा पोट दाबून बघितलं. रेखा तर म्हणाली, दुखायचं कमी झालंय. तरीही डॉक्टर म्हणाले, "मला राहवत नाही. जीप काढा."

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात कळलं — अपेंडिक्स आतल्या आत फुटलं होतं. लगेच ऑपरेशन केलं. उशीर झाला असता तर हाती लागली नसती, म्हणाले.

इकडं जीप गेल्यावर सिस्टर म्हणाली, सकाळी तपासलं तेव्हा रेखा चांगली होती; त्यावर गयाबाई म्हणाल्या, "तिला कुठं तपासलं? हात तर माजा धरलता."

मी पेढे घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं. आकडे मशीनमध्ये तसेच होते. माझ्यासमोर चालवून दाखवले. हिरवं. पुन्हा हिरवं.

"काकू, आकडे तेच तर उत्तर तेच यायला पाहिजे. हे गयाबाईंचे आकडे, आणि त्या ठणठणीत घरी गेल्या. मग त्या दिवशी लाल कशाचं आलं?"

पुढं पुतण्या इंजिनियर झाल्यावर त्याला विचारलं. बिघाड असेल म्हणाला. असेल बाई. पण नेमका त्याच दुपारी, तिच्याच नावावर?

रेखापाशी विषय काढला की ती म्हणते, "कशाला उकरता, आत्या? मी हाय ना इथं."

ती आहे, हे खरं. कशामुळं आहे, ते मला आजही सांगता येत नाही.