चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव नव्हतं

वनिताने चिठ्ठी काउंटरवर ठेवली, पण हात उचलला नाही. मी चिठ्ठी माझ्याकडे ओढली, तरी तिची दोन बोटं कागदावरच होती.

दुपारचे तीन वाजले होते. म्हैसूरच्या बोगादी भागातल्या आमच्या मेडिकलमध्ये या वेळेला गिऱ्हाईक नसतं. वनिता तीच वेळ बघून आली होती, हे मला नंतर कळलं.

चिठ्ठी म्हणजे कॅलेंडरच्या पानाचा तुकडा होता. त्यावर बॉलपेनने, मोठ्या इंग्रजी अक्षरांत एका किटचं नाव लिहिलं होतं. डॉक्टरचं नाव नाही, पेशंटचं नाव नाही, तारीख नाही.

हे किट म्हणजे गर्भपाताच्या गोळ्या. एका पाकिटात दोन प्रकारच्या गोळ्या असतात. पहिली गर्भाची वाढ थांबवते, दुसऱ्या तो बाहेर काढतात. डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय त्या विकता येत नाहीत आणि डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायच्या नसतात. हे पाकिटावरच छापलेलं असतं. तरीही महिन्यातून दोन-तीन जण तरी नुसतं नाव घेऊन येतात. मी 'नाही' म्हणते आणि ते पुढच्या दुकानात जातात. तीस वर्षं फार्मासिस्टचं काम केल्यावर त्यातलं काही मनाला लागत नाही.

वनिता मात्र ओळखीची होती. आमच्यासारखंच तिचं कुटुंबही पिढ्यान्पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. ती घरी ब्लाऊज शिवते. माझेही तीच शिवायची. तिचं नाव इथे बदललं आहे, आणि कारण पुढे कळेलच.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठीच, अक्का."

मी तिच्याकडे बघत राहिले. दोन वर्षांपूर्वी वनिताची गर्भपिशवी काढली होती. ऑपरेशननंतरच्या सगळ्या गोळ्या याच काउंटरवरून गेल्या होत्या, आणि कुठली जेवणाआधी, कुठली जेवणानंतर हे मीच तिला समजावून दिलं होतं. तिलाही ते आत्ता आठवलं असावं. तिने नजर खाली घेतली.

तिच्या घरात दुसरी बाई नाही. एक मुलगी आहे, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे तुमच्याकडची अकरावी. वय सोळा.

 कुणासाठी, हे पुन्हा विचारायची गरज नव्हती.

"मी तिची आई आहे, अल्वा?" वनिता म्हणाली. अल्वा म्हणजे 'नाही का'. आमच्या मराठीत असे कन्नड शब्द पेरलेलेच असतात. "मी स्वतः मागतेय. आईचं चालत नाही का?"

मी तिला सांगितलं की मुलगी अठराच्या आतली असेल तर गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागतेच. पण संमती म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे. आधी डॉक्टरने तपासायला हवं, सोनोग्राफी व्हायला हवी.

"डॉक्टर म्हणजे पोलीस," ती म्हणाली. "आणि पोलीस म्हणजे सगळी गल्ली."

तिची माहिती चुकीची नव्हती. अठराच्या आतल्या मुलीला दिवस गेले असतील तर ते पोलिसांना कळवणं डॉक्टरला कायद्याने बंधनकारक आहे. मुलीच्या मर्जीने झालं असलं तरी कायदा तिची मर्जी धरत नाही. या कायद्यामागे कारणही आहे. काउंटरवर गोळी मागायला येणारी आई असेल, तसा काकाही असेल, मामाही असेल. गोळी मिळाली की मुलीवर काय गुदरलं हे विचारणारं कुणी उरत नाही. हे मला पाठ होतं. समोर वनिता उभी होती, तिच्या गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लटकत होती, आणि त्या पाठांतराचा मला काही उपयोग होईना.

"मला देता येणार नाही, वनिता. तिला घेऊन डॉक्टरकडे जा."

तिने चिठ्ठी उचलली, घडी केली आणि निघून गेली.

दुकानाचे मालक नागराज सर आत कॉम्प्युटरवर स्टॉक बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आपण दिलं नाही, विषय संपला, असं ते कन्नडमध्ये म्हणाले. माणूस वाईट नाही. ड्रग इन्स्पेक्टरने एकदा तीन तास रजिस्टरं तपासली, तेव्हापासून ते असे झाले आहेत.

विषय संपला नव्हता. घरी जाताना माझ्या लक्षात आलं की मी तिला नियम सांगितले, पण मुलीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. किती दिवस झाले, काही दुखतंय का, कुठल्या डॉक्टरकडे जावं हे तिला माहीत आहे का, काहीच नाही. आणि चिठ्ठी तर ती घेऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोन केला. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर होता. तीनदा लावला, उचलला नाही. जेवणाच्या सुट्टीत मी ॲप्रन काढून ठेवला आणि नागराज सरांना सांगितलं की जाऊन येते.

"मॅडम, तुमची ड्यूटी काउंटरवर आहे," ते म्हणाले. "लोकांच्या घरात नाही."

त्यांचं बरोबर होतं. मी गेले.

वनिताचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दार लोटलेलं होतं. मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाऊज होता, पण मशीन बंद. मला बघून तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, भीती आली. मी खुर्चीवर बसले तेव्हा कटिंगच्या टेबलावर अस्तराच्या कापडाखाली पाकिटाचा कोपरा दिसला.

कडकोळच्या फॅक्टरीत काम करणाऱ्या तिच्या भावाने कुणाकडून तरी ते आणलं होतं. कुणासाठी हे त्यालाही सांगितलं नव्हतं. मी पाकीट उघडून बघितलं. सगळ्या गोळ्या जागेवर होत्या. बॅच नंबर खरवडलेला होता आणि आत माहितीचा कागद नव्हता.

"हे जेवून हेब्बाळच्या फॅक्टरीत सेकंड शिफ्टला गेले की देणार होते," वनिता म्हणाली. हे म्हणजे तिचा नवरा. तो आत्ताच निघाला होता. मी पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोचले असते तर पहिली गोळी पोटात गेली असती.

आतल्या खोलीत मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दीपा म्हणू तिला. मी तिच्याजवळ बसले आणि काल विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले. दुखतंय का?

"हो."

कधीपासून?

"परवापासून." तिने उजव्या बाजूला, खाली हात ठेवला. फक्त तिथेच. कपड्याला थोडे डाग लागत होते. सकाळी बाथरूममध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून ती खालीच बसली होती.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही. पण या तीन गोष्टी एकत्र आल्या तर काय शंका घ्यायची, एवढं आम्हाला शिकवलेलं असतं. कधीकधी गर्भ पिशवीत न रुजता बाजूच्या नळीत रुजतो. नळी बारीक असते. गर्भ वाढला की ती फुटते आणि पोटात आतल्या आत रक्तस्राव होतो. या गोळ्या तिथे काम करत नाहीत. याहून वाईट म्हणजे गोळी घेतल्यावर पोट दुखणार, रक्त जाणार हे सगळ्यांना अपेक्षितच असतं. घरातले म्हणत राहतात, गोळी लागू पडतेय. मुलगी पांढरी पडेपर्यंत कुणाला काही कळत नाही.

मी वनिताला बाहेर नेऊन हेच सांगितलं, याच शब्दांत.

"काल दुकानात नाही म्हणालात," ती म्हणाली. "आज घरात येऊन नाही म्हणताय. मग मी करू तरी काय ते सांगा."

"रिक्षा बोलव. मी बरोबर येते."

ती हलली नाही. रिपोर्ट होणार, पोलीस कॉलेजात जाणार, बापाला कळणार, एवढंच ती पुटपुटत होती. तेवढ्यात दीपा दाराशी येऊन उभी राहिली. तिने चौकट धरली होती.

"अम्मा, मला डॉक्टरकडे जायचंय," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

वनिताने टेप गळ्यातून काढली आणि चपला शोधायला लागली.

माझ्या ओळखीच्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर आहेत, त्यांच्या नर्सिंग होममध्ये आम्ही गेलो. रिक्षात दीपा माझ्या खांद्यावर रेलली होती. तिचे तळहात ओले आणि थंड होते. मी तिची नाडी मोजत होते आणि वनिताला ते कळू नये म्हणून नुसता हात धरल्यासारखं करत होते.

डॉक्टरांनी दीपाला आधी आत घेतलं, एकटीला. कुणी जबरदस्ती केली का, कुणाची भीती वाटते का, हे त्यांना तिला आईशिवाय विचारायचं होतं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि ते मला माहीत असायचं कारणही नाही. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की धोका घरातून नाही.

सोनोग्राफीत गर्भ नळीतच निघाला. नळीला चीर गेली होती आणि पोटात रक्त साचायला सुरुवात झाली होती. लगेच ऑपरेशन करावं लागणार होतं.

डॉक्टरांनी संमतीचा कागद वनितापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "सही करायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मला पोलिसांना कळवावं लागणार आहे."

वनिता उठून उभी राहिली. मला वाटलं, ही आता मुलीला उचलून घेऊन जाते.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "कळवायचं आहे, पण नाव सांगायलाच हवं असं नाही. तुम्ही आणि मुलीने विनंती केली तर मुलीचं नाव, पत्ता न देता रिपोर्ट करता येतो. सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलेलं आहे. मी तसाच देणार."

वनिताने माझ्याकडे बघितलं. "हे काल का नाही सांगितलंत?"

 कोर्टाच्या त्या निकालाबद्दल मी कधीतरी वाचलं होतं. पण तो डॉक्टरांसाठी आहे, काउंटरवर त्याचं काय काम, असं समजून विसरून गेले होते.

तिने सही केली. 

ऑपरेशनला तासभर लागला. एक नळी काढावी लागली, दुसरी चांगली आहे. रक्ताची एक पिशवी चढवली. संध्याकाळी नवरा फॅक्टरीच्या युनिफॉर्मवरच धावत आला. वनिताने त्याला सांगितलं की गाठ होती, ती काढली. तो माझ्याकडे वळला, मी बरोबर होते म्हणून माझे आभार मानले आणि गाठ पुन्हा होईल का, असं विचारलं. ते डॉक्टरांना विचारा, असं मी म्हणाले. खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. ते मला अजून नीट पचलेलं नाही.

पोलीस स्टेशनमधून एक महिला सब-इन्स्पेक्टर दोनदा डॉक्टरांकडे येऊन गेली. नाव द्या, असा तिचा आग्रह होता. डॉक्टरांनी दोन्ही वेळा नाव नसलेला तोच रिपोर्ट पुढे केला. मुलगा कोण, हे मी कधी विचारलं नाही. ट्यूशनमधला, सतरा वर्षांचा, एवढं वनिताच्या तोंडून एकदा निघून गेलं. तोही अठराच्या आतला, पण कायद्याच्या लेखी गुन्हेगार. दीपाच्या घाबरण्याचं अर्धं कारण ते होतं.

पुढे एकदा आमच्या केमिस्ट लोकांच्या बैठकीत मी कुणाचं नाव न घेता ही हकिगत सांगितली. तासभर वाद झाला. एक जण म्हणाला, आईबाप लिहून देत असतील तर सरळ द्यावं, निदान चांगल्या कंपनीची गोळी मिळेल, कुठून तरी आणलेली नाही. दुसरा म्हणाला, उद्या बापच गुन्हेगार असला तर? दोघांचंही खरं होतं. मी एवढंच म्हणाले की या मुलीला चांगल्या कंपनीची गोळी मिळाली असती, तरी ती वाचली नसती.  मग चहा आला.

दीपा तीन आठवड्यांनी कॉलेजला जायला लागली. वनिता आमच्या दुकानात येत नाही. बीपीच्या गोळ्या ती आता सर्कलजवळच्या मेडिकलमधून घेते. रस्त्यात दिसली तर मान हलवते, थांबत नाही. मी तिला दोष देत नाही. आपलं सगळं ज्याला माहीत आहे अशा माणसापुढे रोज उभं राहणं सोपं नसतं. ब्लाऊज मी दुसरीकडे शिवायला टाकते. ती बाई हात नीट बसवत नाही.

मी आजही ते किट प्रिस्क्रिप्शनशिवाय देत नाही. फरक एवढाच की 'नाही' म्हटल्यावर आता मी थांबते आणि दुखतंय का, डाग लागतात का, चक्कर येते का, हे विचारते. मग डॉक्टरांचं नाव आणि फोन नंबर लिहून देते, आणि नाव न सांगताही रिपोर्ट होतो हे सांगते. नागराज सर म्हणतात, हे काम केमिस्टचं नाही. कायद्याने त्यांचं बरोबर आहे. कायद्याने मीही त्या दिवशी दुपारी तीन वाजता अगदी बरोबर होते.