सुनंदावहिनीची पाच खाती

दिघीच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीच्या रांगेत लावून मी चहा घेत होतो, तेवढ्यात पुतणीचा, केतकीचा फोन आला. "काका... आई गेली," एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्याच दिवशी पहाटे वहिनीनेच मला नागावहून बोर्ली पंचतनला पिटाळलं होतं. बोर्ली तिचं माहेर. तिथल्या बँकेत वडिलांनी लग्नाआधी उघडून दिलेलं तिचं खातं होतं आणि त्याला अजून वडिलांचाच मोबाइल नंबर जोडलेला. तिच्या सहीसाठी बँकेतून घेतलेला नंबर बदलायचा फॉर्म माझ्या खिशात होता. बोट पलीकडे आगरदांड्याला लागेपर्यंत मी नुसता कठड्याला धरून उभा होतो. रडू आलं नाही, राग आला. छप्पन्न हे काय जायचं वय आहे?

नागावला वाडीत आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. बोर्डावर माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं नाव, बुकिंगसाठी माझा नंबर आणि खाली मोठ्या अक्षरांत 'घरगुती जेवण मिळेल'. ते घरगुती जेवण म्हणजे सुनंदावहिनी. शनिवार-रविवारी तीस-तीस ताटं, सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी, सगळं तिच्या हातचं. पाहुणे बोटं चाटत उठायचे आणि जाताना राहण्या-जेवणाचं एकच बिल भरायचे, माझ्या क्यूआर कोडवर. सुरुवातीला स्मार्टफोन एकट्या माझ्याकडे होता, म्हणून तो कोड 'तात्पुरता' चिकटवला होता. तो चार वर्षं राहिला! घर एक, चूल एक, मग पैसा कोणाच्याही खात्यात पडेना का, असं आम्ही म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि दादा. वहिनीला कोणी विचारलंच नव्हतं.

मागच्या दिवाळीत केतकीने तिला फोन घेऊन दिला आणि त्यात सगळी खाती एकत्र दाखवणारं ॲप टाकून दिलं. वहिनीची खाती होती पाच. एक गॅसच्या सबसिडीचं, एक बचत गटाचं, एक पोस्टात, एक पतसंस्थेत आणि ते बोर्लीचं, जे नंबर वेगळा असल्याने ॲपमध्ये दिसतच नसे. पोस्ट आणि पतसंस्थेचे आकडे ॲपमध्ये आपोआप येत नसत. ते ती पासबुकात बघून हाताने भरायची, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून, एकेक अंक मोठ्याने म्हणत. "वहिनी, तू आता अर्थमंत्रीच झालीस की," मी म्हणायचो. "हसा भावजी, हसा," ती म्हणायची, आणि मान वर न करता पुढचा अंक दाबायची.

एका सोमवारी पाहुणे गेल्यावर ती फोन घेऊन पडवीत आली. "भावजी, माझं जे काय हाय ते सगळं ह्यात दिसतं ना?"

"बोर्लीचं सोडलं तर सगळं दिसतं."

"मग माझा सैपाक कुठे हाय?"

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि वेड्यासारखा वर-खाली करत बसलो. जमेच्या बाजूला गॅसची सबसिडी, पोस्टाचं व्याज आणि भावाने भाऊबीजेला पाठवलेले हजार रुपये. तीस माणसांना रांधून घालणाऱ्या बाईची वर्षाची कमाई म्हणून त्या ॲपला एवढंच सापडलं होतं. मी फोन तिला परत दिला. दादा झोपाळ्यावरून म्हणाला, "अगं, घरच्या माणसाला कसला आलाय हिशेब?" वहिनी त्याच्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. "भावजी पण घरचेच हायत ना? त्यांच्या खात्यात चालतं, माझ्या खात्यात का न्हाय?"

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मागचं राहू दे. उद्यापासून जेवणाचं बिल येगळं, आणि ते माझ्या खात्यावर." झालं! दादा दोन दिवस तोंड फुगवून जेवला, पण जेवला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर तिच्या नावाचा कोड लागला. पुढच्या आठ महिन्यांत तिने मोठा मिक्सर घेतला, मदतीला येणाऱ्या मंगलचा पगार आपणहून वाढवला, आणि बोर्लीच्या खात्यासाठी माझ्यामागे लकडा लावला. "बाबांनी दिलेलं पण दिसलं पायजे मला," म्हणायची. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. गेलो तो नेमका त्या दिवशी... हे मला आयुष्यभर सलणार आहे.

तेरावं झालं आणि पुन्हा बुकिंग सुरू झालं. केतकीने ठरवलं, शनिवार-रविवार पनवेलहून यायचं आणि मंगलला घेऊन आईचं स्वयंपाकघर चालवायचं. वहिनीचं खातं बँकेने थांबवलं होतं. दादा म्हणाला, "जेवणाला तुझा कोड लाव, तात्पुरता." बायको गेलेल्या थोरल्या भावावर ओरडू नये, मला कळतं. तरी ओरडलो. "दादा, तो शब्द ह्या घरात पुन्हा काढायचा नाही!" दादा डोळे पुसत म्हणाला, "केतकीचा लाव."

केतकीचा कोड लागला. पण माझं मन थाऱ्यावर येईना. मागचं राहू दे म्हणाली होती वहिनी, पण तो तिचा मोठेपणा होता, माझा नव्हे. मी बुकिंगच्या जुन्या वह्या काढल्या आणि चार वर्षांतल्या बिलांमधून जेवणाचे पैसे वेगळे करत बसलो. बाजारहाट, मंगलचा पगार, सगळं वजा करून जी रक्कम उरली ती बघून मला घाम फुटला. एका दमात देणं शक्य नव्हतं, म्हणून दरमहा हप्ता ठरवला. आता मीही तेच ॲप वापरतो. गेल्या रविवारी पहिला हप्ता केतकीला पाठवताना ॲपने विचारलं, हा खर्च कशाचा? मी सवयीने 'भेट' निवडलं. मग स्वतःचीच लाज वाटली. ते खोडून 'पगार' निवडलं आणि खाली, पैसे घेणाऱ्याला दिसणाऱ्या संदेशात, वहिनीचं पूर्ण नाव लिहिलं.

केतकी ओले हात तसेच घेऊन, फोन दोन बोटांत धरून पडवीत आली. आईचं नाव तिने मोठ्याने वाचलं.

"काका, हे किती महिने चालणार?"

"फिटेपर्यंत," मी म्हणालो.